शंभरावा माणूस

रविवारी सकाळी सासरेबुवांचा फोन. "जावईबापू, घात झाला! मशीनमध्ये सात व्हायरस निघालेत. दोन मिनिटांत पैसे भरले नाहीत तर फोटोबिटो सगळं जाणार म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"कॉम्प्युटरच! खाली उजव्या कोपऱ्यात, लाल अक्षरांत."

पोचलो तर डेबिट कार्ड कीबोर्डशेजारी मांडून ठेवलेलं, नैवेद्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, "दोन मिनिटांचा तास झाला. व्हायरससुद्धा सरकारी दिसतात."

टोमणा सासऱ्यांना होता. ते महसूल खात्यातले. जावक क्रमांक, शिक्का, सही पाहिल्याशिवाय जन्मभर एका कागदाला हात लावला नाही आणि आता कोपऱ्यातल्या चिटोऱ्याला आदेश मानून बसलेले. म्हटलं, याचाही जावक क्रमांक बघू. इशाऱ्याच्या चौकटीत बारीक करड्या अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि शेजारी एका साइटचा पत्ता होता. पत्ता कसला, कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यावर उमटेल तसं काहीतरी. अँटिव्हायरसचा मागमूस नाही. साइटला आपल्या मशीनच्या आतलं काही दिसत नसतं. रस्त्यावरून जाणाऱ्याने "तुमच्या फ्रीजमध्ये सात झुरळं आहेत" असं ओरडावं, तेवढीच त्या सूचनेची लायकी.

"या साइटला सूचना पाठवायची परवानगी कोणी दिली?"

"मी नाही दिली." मग जरा थांबून, "मॅच फुकट बघायची होती. त्यांनी लिहिलं होतं, तुम्ही रोबो नसाल तर अलाउ दाबा. मी रोबो नाहीच!"

क्रोमने साइटना अशा सूचना धाडायची सोय दिली 2015 साली. मेल आली, पार्सल निघालं, एवढं कळावं म्हणून. पुढे दिसेल ती साइट दारात उभी राहून "येऊ का?" विचारू लागली. 2019 मध्ये मोझिलाने आपल्या फायरफॉक्स ब्राउझरवर मोजून पाहिलं, तर या विचारण्याला 99 टक्के वेळा होकार मिळतच नव्हता. जानेवारी 2020 पासून त्यांनी ती परवानगी विचारणारी चौकट आपणहून उघडणं बंद केलं. उरलेला एक टक्का कोण, हे कोडं माझ्यापुरतं त्या रविवारी सुटलं.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथून साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगीवाल्यांची यादी निघाली चौदा जणांची. एक पंचांगवाले, दोन लग्न जुळवणारे. त्या दोघांवर सासूबाईंची नजर बराच वेळ खिळली. नुसतं 'रिमूव्ह' केलं तर साइट पुन्हा विचारायला येते, म्हणून सगळ्यांना 'ब्लॉक'. मग विंडोजच्या स्वतःच्या सिक्युरिटीकडून तपासणी केली. व्हायरस शून्य. मात्र तिथेच दिसलं, की विंडोजचं खरंखुरं अपडेट दिवाळीपासून ताटकळतंय.

"ते होय? रोज कटकट करतं. मी 'नंतर' दाबतो."

ते सुरू करून द्यावं म्हणून माउसला हात घातला, तर ताट वाढल्याची हाक आली. राहिलं.

संध्याकाळी पुन्हा फोन. "कोपऱ्यात काहीच येत नाही हो. मशीन बंद पडलं का?" म्हटलं, छान चाललंय. मागून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, ते अपडेट करा म्हणतंय. करायचं का?"

"हात लावू नकोस," सासरे गरजले, "फसवत असेल!"