पादत्राणपंडित

पायात काहीच नसल्यासारखे वाटावे एवढ्यासाठी जो मनुष्य पादत्राणांवर सर्वाधिक द्रव्य खर्च करतो, ज्याच्या जोड्यांच्या खोक्यांनी पत्नीच्या कपाटाचे दोन कप्पे राजरोस जप्त केलेले असतात, आणि जो कोणाच्या घरी गेला असता यजमानाचे मुखावलोकन करण्यापूर्वी उंबऱ्याबाहेरील वहाणांची जकातनाक्यावरील कारकुनाच्या नजरेने झडती घेतो, त्या गृहस्थास आमच्या डोंगरात हिंडणाऱ्या मंडळींत पादत्राणपंडित म्हणतात. पुण्यामुंबईच्या प्रत्येक ट्रेकिंगच्या कंपूत असा एक तरी असतोच. दोन असले तर कंपू फुटतो.

बेअरफूट शूज नावाच्या ज्या पंथाचा तो अनुयायी आहे, त्याच्या मते टाच आणि चवडा एकाच पातळीवर हवा, पुढचा भाग पाचही बोटे मोकळेपणी पसरतील इतका रुंद हवा, आणि तळ इतका पातळ व लवचीक हवा की अख्खा बूट सुरळी करून मुठीत धरता यावा. डोक्यावर दह्याची मडकी घेऊन सिंहगड अनवाणी चढणाऱ्या बायका या सिद्धान्ताचे आचरण पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य करीत आल्या, ही गोष्ट त्याच्या निदर्शनास आणून दिली असता तो प्रसन्न होतो. आपल्या पक्षास साक्षीदार मिळाला, एवढाच तिचा अर्थ तो घेतो.

त्याची खरेदी मात्र प्रत्यक्ष पाहावी. दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजतात, सबब तो दुकानात शिरतो तो दिवेलागणीस. शिरल्याबरोबर जोडा पायात घालील तर शपथ! तो आधी आतले इनसोल उपसून काढतो, फरशीवर मांडतो, जाड मोज्यानिशी त्यावर उभा राहतो, आणि करंगळी काठाबाहेर सूतभर जरी डोकावली तरी त्या जोड्याविरुद्ध जागच्या जागी निकाल जाहीर करतो. त्यातून जो जोडा निर्दोष सुटतो त्याची दोन्ही टोके धरून तो असा काही पिळतो, की लक्ष्मी रस्त्यावरच्या एका जुन्याजाणत्या दुकानदारास अखेर विचारावे लागले, "काका, धुतलेला नाही तो, पिळताय कशाला?"

वादात त्याचा हुकमी पुरावा म्हणजे अबेबे बिकिला. 1960 साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये या इथिओपियन वीराने मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकली, हे तो इतक्या आवेशाने सांगतो की ऐकणाऱ्यास आपल्या पायातील बुटांची लाज वाटू लागावी. त्याच बिकिलाने 1964 साली टोकियोत बूट घालून ती शर्यत पुन्हा जिंकली आणि तीही अधिक वेगाने, हा तपशील त्याच्या दप्तरात दाखल नाही; शिवाय रोममधली ती सप्टेंबरची संध्याकाळ होती, बर्फ नव्हते, हेही कोणी विचारीत नाही म्हणून तो सांगत नाही.

पंथाची खरी कसोटी लागते ती केदारकंठ्याला. उत्तरकाशी जिल्ह्यातील सांक्री गावाहून डिसेंबर-जानेवारीत या साडेबारा हजार फुटांच्या शिखराकडे निघालेल्यांत मराठी मंडळी हटकून असतात, आणि त्यांत आमचा पंडितही. चालताना त्याचे पाय ऊबदार राहतात, कारण रुंद जोड्यात बोटे हलतात व रक्त खेळते. पण तंबूपाशी उभे राहण्याची वेळ आली, की शून्याखाली गेलेली जमीन त्या पातळ तळातून पायाची ऊब शोषू लागते. यावर त्याची तजवीज तयार असते. तो आत लोकरीच्या नमद्याचा एक तळवा घालतो. तेवढ्याने भागले नाही की दुसरा घालतो. मग मेरिनो लोकरीचा जाड मोजा येतो, आणि दोन दिवसांत पाय जमिनीपासून इतका वर उचलला जातो की ज्या भूमिस्पर्शासाठी हा सारा अट्टाहास, ती भूमी त्याला केवळ ऐकीव राहते. पुढे घसरड्या बर्फावर मायक्रोस्पाइक्स चढवावे लागतात, आणि मऊ जोड्याभोवती त्यांचा रबरी पट्टा असा आवळला जातो की बोटांच्या स्वातंत्र्याचा हा कैवारी स्वतःच त्यांस कैद फर्मावून बसतो.

तरीही तो हार मानीत नाही. शेकोटीपाशी तो त्या प्राचीन मनुष्याची कैफियत मांडतो, ज्याचा सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा देह 1991 साली आल्प्सच्या बर्फात सापडला. त्याच्या पायात अस्वलाच्या कातड्याचा मऊ तळ होता आणि आत थंडीसाठी वाळके गवत कोंबलेले होते. "आणि तो मेला तो पाय गारठून नव्हे," पंडित विजयी मुद्रेने सांगतो, "खांद्यात बाण लागून!" या युक्तिवादास आजवर कोणालाही उत्तर सुचलेले नाही. पलीकडे चहा ओतणारा गढवाली वाटाड्या, ज्याच्या पायात साधे रबरी गमबूट आणि घरी विणलेले लोकरी मोजे असतात व जो या सर्वांआधी शिखरावर पोहोचून वाट पाहत बसणार असतो, तो हे ऐकून नुसता साखर किती म्हणून विचारतो.

पंडिताची यथेच्छ थट्टा केल्यावर न्याय म्हणून सांगितलेच पाहिजे, की बोटांविषयी त्याचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. अरुंद बुटात मोज्यांवर मोजे कोंबणारे शहाणे लोक रात्री पाय चोळत बसतात, कारण आवळलेल्या पायात रक्तच फिरत नाही, आणि सुती मोजा तर घाम धरून ठेवून उरलीसुरली ऊबही घालवतो. तेव्हा येत्या हिवाळ्यात ज्यांस सांक्री गाठावयाची असेल त्यांनी बूट संध्याकाळी, जाड लोकरी मोज्यासह घालून, बोटे हलवून पाहूनच घ्यावा, आत नमद्याचा तळवा घालावा व तो रोज रात्री बाहेर काढून वाळवावा. अधिक माहिती पंडिताकडे मिळेल. मात्र त्याला विचारण्यापूर्वी आपली परतीची शेवटची बस किती वाजता आहे, हे पाहून ठेवावे.