भूमध्य समुद्राकाठी तंबू ठोकू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी सूचना

या सूचना म्युनिक, स्टुटगार्ट आणि आसपासच्या भागांत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांसाठी आहेत. घरात दोन मुले आणि पुण्याहून किंवा नाशकाहून उन्हाळ्यापुरते आलेले आईवडील असावेत, हे गृहीत धरले आहे. मार्ग असा: ब्रेनरचा घाट, इटलीतले लिव्होर्नो बंदर, तिथून बोटीने कोर्सिका, कोर्सिकाच्या दक्षिण टोकावरून सार्डिनिया, आणि ओल्बियाहून परत. ज्यांना हॉटेल परवडते त्यांनी पुढे वाचू नये. ज्यांना परवडते, तरीही ‘मुलांना निसर्ग कळला पाहिजे’ म्हणून ज्यांनी तंबू घेऊन टाकला आहे, त्यांनी तर मुळीच वाचू नये. त्यांच्या हातात आता काही उरलेले नाही.

पहिला गैरसमज असा की तंबूत राहणे म्हणजे मोकळेपणा. दोन्ही बेटांवर वाटेल तिथे तंबू ठोकायला बंदी आहे. राहायचे ते रीतसर कॅम्पसाइटवर, आणि कॅम्पसाइट ही अंतर्बाह्य हौसिंग सोसायटी असते. फाटक आहे, फाटकावर रखवालदार आहे, गाडी कुठे लावली यावरून धुसफूस आहे, काच-कागद-प्लॅस्टिकचे वेगळे डबे आहेत, भिंतीवर नियमावली आहे. दुपारी एकच्या सुमारास फाटक बंद होते, ते दोन-तीन तासांनी उघडते. तेवढ्यात ना गाडी हलवायची, ना मोठ्याने बोलायचे. म्हणून ज्या घरात सोसायटीचे सेक्रेटरीपद भोगलेला ज्येष्ठ आहे, त्या घराने त्याला न्यावेच. कुठल्या शेजाऱ्याची दोरी आपल्या हद्दीत आली आहे, हे त्याला गाडीतून उतरण्याआधी दिसते.

सामानाबाबत फार बोलत नाही, कारण उपयोग नसतो. गाडीच्या टपावरचा डबा तंबूसाठी घेतला होता, तो आईंच्या पिठांसाठी वापरला जातो, इतके मान्य करावे. मात्र गॅसकडे लक्ष द्यावे. जर्मनीतला करडा सिलिंडर इटलीत किंवा फ्रान्समध्ये बदलून मिळत नाही. निळ्या कॅम्पिंगगॅझवर चालणारी शेगडी घ्यावी. ते सिलिंडर तिकडे सहज मिळतात. ‘वीज आहे ना तिथे, इंडक्शन नेऊ’ असे म्हणणाऱ्या मुलाला पुढील गणित घालावे. खांबावर ६ अँपिअर मिळतात. २३० व्होल्टनी गुणले की १,३८० वॅट. चहाची विजेची किटली एकटीच २,००० मागते. बटण दाबले की आपला फ्यूज उडतो, पेटीला कुलूप असते, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो दुपारचा झोपलेला असतो.

कुकर न्यावा की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. न्यावा, असे माझे मत. पण दुपारच्या शांततेत तिसरी शिट्टी झाली की समोरचा डच गृहस्थ पुस्तक खाली ठेवून आपल्याकडे बघतो, त्यासाठी तयार असावे. तेव्हा आईंनी त्याच्याकडे बघून हसावे आणि संध्याकाळी वाटीभर मसालेभात त्याच्या बायकोकडे पाठवावा. दुसऱ्या दिवशी शिट्ट्या तोच मोजतो.

ब्रेनर ही १,३७० मीटरवरची खिंड. ऑस्ट्रियाचा व्हिनिएट काचेवर चिकटवला म्हणजे झाले, असे समजू नये. ब्रेनरच्या रस्त्याचा टोल वेगळा असतो. हे ऐकून बाबा खंबाटकी घाटातल्या टोलनाक्याची आठवण सांगतात. ती पूर्ण होईपर्यंत इटली लागते. लिव्होर्नोच्या अलीकडे पिसा आहे. ते टाळता येत नाही. मनोऱ्याला हात लावून आधार दिल्याचा फोटो प्रत्येक पिढीचा वेगळा काढावा लागतो. फक्त गाडी गावाबाहेर लावावी. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मधल्या भागात परवानगीशिवाय गाडी घालता येत नाही, वेशीवर कॅमेरे असतात, आणि दंडाची चिठ्ठी सहल विसरल्यावर, कधी कधी दिवाळीच्या फराळाबरोबर, घरी पोचते.

बोटीत गाडी चढवली की गाडीच्या मजल्यावर पुन्हा जाता येत नाही. ही सूचना सगळे ऐकतात आणि कोणी मनावर घेत नाही. म्हणून वर न्यायची पिशवी आदल्या रात्रीच भरावी: रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, कवळीची डबी, मुलांचे स्वेटर, भडंग. बोट सुटून दहा मिनिटे झाल्यावर ‘अरे, माझी ती छोटी पर्स गाडीत राहिली का रे?’ हा प्रश्न येतो. उत्तर ‘नाही’ असे द्यावे आणि चार तासांनी कोर्सिकातल्या बास्तियाला पर्स ‘सापडावी’.

कोर्सिकात रस्ता ही गोष्ट गाड्यांइतकीच डुकरांची, शेळ्यांची आणि गायींची आहे. पश्चिमेला पोर्तो ते पियाना हे जेमतेम १२ किलोमीटरचे अंतर. लाल ग्रॅनाइटचे सुळके, खाली समुद्र, आणि मधून चिंचोळी वाट. जागतिक वारशाच्या यादीत १९८३ पासून असलेले हे दृश्य चालकाने पाहू नये. मागच्या सीटवर रामरक्षेची दोन आवर्तने होतात. समोरून प्रवाशांची बस आली तर मारुतिस्तोत्र राखून ठेवावे. सुळके मात्र खरोखर बघण्यासारखे आहेत. संध्याकाळी उन्हे उतरताना तांबडा रंग असा काही पेटतो की बाबासुद्धा दोन मिनिटे खंबाटकीचे नाव काढत नाहीत.

आता पोहण्याचा तलाव. फ्रेंच कॅम्पसाइटवर तलावात सैल बर्म्युडा चालत नाही. अंगाबरोबर बसणारी चड्डीच लागते. नियम स्वच्छतेचा आहे, पण तो आजोबांना समजावून सांगण्याचे काम कुटुंबातल्या सर्वांत धाकट्या सभासदावर सोपवावे.

‘आजोबा, इथे ही चालत नाही म्हणतात.’

‘टिळक टँकवर चाळीस वर्षं चालली.’

यानंतर वाद वाढवू नये. समुद्राला फाटक नाही, तिथे न्यावे. पाण्यात उतरताना खडकांवरचे काळे काटेरी गोळे टाळण्यासाठी रबरी चपला घालाव्यात. किनाऱ्यावर तपकिरी, वाळलेल्या गवताचे ढीग दिसले की ‘किती घाण ही’ असा ठराव पास होतो. ती घाण नव्हे. ते पोसिडोनिया नावाचे समुद्री गवत. हिवाळी लाटांपासून वाळू धरून ठेवते, म्हणून मुद्दाम ठेवलेले असते. आजोबांनी झाडू मागू नये.

एका बाबतीत मात्र थट्टा नको. १८ ऑगस्ट २०२२ च्या सकाळी कोर्सिकावर अचानक वादळ आले. वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर गेला, आणि कॅम्पसाइटवर झाडे कोसळून माणसे दगावली. तंबूसाठी सावली सगळेच शोधतात, पण वाळकी फांदी डोक्यावर नको. रखवालदार ‘इमारतीत चला’ म्हणाला तर पातेले शेगडीवरून उतरवावे, गॅस बंद करावा आणि निघावे. आमटी पुन्हा करता येते. खुंट्या पोलादी घ्याव्यात. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या तिथल्या खडकाळ जमिनीत पहिल्याच घावात वाकतात. उघड्यावर जाळ करू नये. उन्हाळ्यात तिथली झुडपे काडीची वाट बघत असतात, आणि भरीत भाजायला गॅसची आचही पुरते.

१५ ऑगस्ट शक्यतो कोर्सिकातच काढावा. त्या दिवशी मेरीमातेचा सण असतो, नेपोलियनचा वाढदिवसही असतो. तो १७६९ साली आजाक्सिओत जन्मला. रात्री तिथे आतषबाजी होते. सकाळी तंबूच्या दोरीला छोटा तिरंगा लावून आजोबा झेंडावंदन उरकतात, आणि रात्रीचे फटाके कोणासाठी आहेत याची चौकशी ते करत नाहीत. आपणही सांगू नये.

बोनिफासिओहून सार्डिनियाच्या सांता तेरेसाला बोट तासाभरात पोचते. सामुद्रधुनी लहान, वारा मोठा. आल्याच्या वड्या जवळ ठेवाव्यात. सार्डिनियात टोलचा महामार्गच नाही, ही बातमी बाबांना उतरल्याबरोबर द्यावी. पुढचे तीन दिवस ते प्रसन्न राहतात. दगडी नुरागे मनोरे बेटभर हजारोंनी विखुरले आहेत. त्यातला बारुमिनीचा एक नीट पाहावा, बाकीच्यांकडे गाडीतूनच हात करावा. खाण्याची चिंता नसावी: पाने कारासाऊ ही कागदासारखी पातळ, कडक भाकरी मेंढपाळांची, महिनोन् महिने टिकणारी. तिच्यावर मेतकूट-तूप लावून आईंनी सार्डिनियाला पसंती दिली की स्वयंपाकाचा एक वेळ सुटतो. कासू मार्झू नावाच्या चीजमध्ये जिवंत अळ्या असतात आणि ते विकायला बंदी आहे, हे मुलांना जेवणानंतर सांगावे.

स्तिंतिनोजवळच्या ला पेलोसा किनाऱ्यावर उन्हाळ्यात दिवसाला १,५०० माणसेच सोडतात. आधी नोंदणी करावी लागते, माणशी साडेतीन युरो पडतात, आणि टॉवेल थेट वाळूवर पसरता येत नाही कारण त्याला वाळू चिकटून जाते. खाली चटई हवी. अख्खा युरोप फाटकाशी चटई विकत घेत असतो. आपल्याकडे ती १९९८ सालच्या अष्टविनायक यात्रेपासून आहे. इथे आईंनी थोडा वेळ मान उंच करून चालावे. ते शोभून दिसते.

राहता राहिले ओल्बिया बंदर. सार्डिनियातून वाळू, गोटे, शिंपले नेण्यावर बंदी आहे. २०१७ च्या कायद्याने दंड ५०० ते ३,००० युरो. बंदरावर सामान तपासतात. मुलांचे खिसे आदल्या रात्री उलटे करावेत, चपला झटकाव्यात, बादली धुवावी. आईंच्या पर्सबद्दल मात्र कोणी काही विचारू नये. ‘देव्हाऱ्यापुढे ठेवायला दोनच घेतलेत रे’ हे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, आणि ती पर्स उघडायला सांगण्याची हिंमत इटालियन अधिकाऱ्याचीच असावी.