मोर दाखवून टीव्ही विकणाऱ्यास

पालघरचे टीव्ही विक्रेते महाशय,

सातपाटीच्या माझ्या मावशीला तुम्हीही ‘मावशी, मावशी’ करत ४३ इंची फोर-के टीव्ही गळ्यात मारलात. त्या नात्याने मी तुमचा भाऊ लागतो, म्हणून भावाच्या हक्काने बोलतो.

दुकानात तुम्ही तिला मोर दाखवलात. पिसान् पीस मोजून घ्यावं असा. तो पेनड्राइव्हमधून येतोय हे मात्र बोलला नाहीत. तिच्या घरी दूरदर्शनची फ्री डिश आहे. सह्याद्रीच्या बातम्या आणि रात्री एखादा सिनेमा, एवढंच ती बघते. ‘घरी काय लावलंय?’ असं विचारायला जीभ झिजली असती का? पापलेटचा कल्ला उचलून ताजं-शिळं सांगणारी बाई ती. टीव्हीचा कल्ला तुम्ही झाकून ठेवलात.

फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या एसडी. त्यांचं चित्र फार तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. तुमच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख. आलेल्या एका ठिपक्याला पडद्यावर वीस जागा. बाकीच्या टीव्ही अंदाजाने भरतो. म्हणून बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं कडेला फिसकटतात. जुन्या लहान टीव्हीवर तीच पट्टी नीट वाचता यायची.

उद्या तिने एचडी लावलं तरी काय? ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपकेसुद्धा चांगल्या डोळ्यांना साडेपाच-सहा फुटांपलीकडून सुटे दिसत नाहीत. तिचा पलंग त्याहून लांब आहे.

सिग्नलची तर तुम्ही गोष्टच काढली नाहीत. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, एक ताकदीची, एक क्वालिटीची. तुमच्या माणसाने ताकदीची भरलेली बघितली आणि निघाला. अँटेनाच्या काळात सिग्नल बिघडला की मुंग्या यायच्या, तरी माणूस ओळखू यायचा. डिजिटलमध्ये क्वालिटी ठरावीक पातळीखाली गेली की आधी चित्राचे चौकोन, मग काळा पडदा. इथला खारा वारा कनेक्टर गंजवतो, वादळ डिशचं तोंड फिरवतं, पावसाची जोरदार सर उपग्रहाचा सिग्नल खाऊन टाकते. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला, सगळी माणसं घरात, आणि नेमका तेव्हाच टीव्ही बंद.

तिला ३२ इंची एचडी रेडी पुरला असता. उरलेल्या पैशांत चांगली केबल, नवा एलएनबी, कनेक्टरला पाणी अडवणारी टेप, सगळं झालं असतं. त्यात तुम्हाला काय सुटणार होतं म्हणा!

आता एक करा. दुकानातल्या एका टीव्हीला फ्री डिश जोडा, सह्याद्री लावा आणि गिऱ्हाइकाला घरच्याइतकं लांब बसवून दाखवा. आणि पावसाआधी मावशीच्या छपरावर माणूस पाठवा, क्वालिटीची पट्टी वाचता येणारा.

एक सातपाटीकर