चि. बादल यास, लवकर मोठा हो

चि. बादल यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, भाऊंचा वाढदिवस तोंडावर आला, तुझ्या पाठीवर बसलेल्या भाऊंचे फ्लेक्स चौकाचौकात लागले, आणि तू म्हणे अजून वाढतोच आहेस! घोड्याच्या जातीला हे शोभत नाही. पत्र खुलं लिहितोय, कारण तुझ्याच वयाची शिंगरं हल्ली वरातीत, मिरवणुकीत आणि रीलमध्येही दिसतात. त्यांच्याही कानावर चार शब्द पडलेले बरे.

तुझ्यावर किती विश्वास टाकला होता रे! दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात, तापीच्या काठी भाऊंनी तुला पाहिलं, तेव्हा सोबत जाणकारांचं टोळकं होतं. एकाने तुझ्या अंगावरचे भोवरे मोजले आणि गळ्याशी देवमण सापडल्यावर त्याने हातच जोडले. दुसऱ्याने चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा बघून ‘पंचकल्याणी’ असा पुकारा केला. तिसरा तुझे कान टोकाला एकमेकांना टेकतात का हे बघायला शिट्ट्या वाजवत होता. बाकीचे व्हिडिओ काढत होते. तोंड तेवढं कुणी उघडून पाहिलं नाही. व्यापारी म्हणाला, “चार वर्षांचा पक्का घोडा आहे, बसा आणि निघा.” एवढ्या मोठ्या यात्रेत, साक्षात एकमुखी दत्ताच्या दारात, कोण कशाला खोटं बोलेल?

तोंड उघडलं ते गावात आल्यावर, डॉक्टरांनी. आमचे पशुवैद्य माणूस चांगला, पण आनंदाच्या प्रसंगी बोलावू नये असा. त्यांनी एका हाताने तुझं नाकाड धरलं, ओठाच्या कोपऱ्यातून, जिथे घोड्याला दातच नसतात तिथून, अंगठा आत सारला आणि वरचा ओठ उचलला. मधले दोन दात रुंद, पिवळसर. त्यांच्या दोन्ही अंगांना छोटे, पांढरेशुभ्र, मुळाशी निमुळते झालेले दुधाचे दात. “दोनदाती आहे,” डॉक्टर म्हणाले. “मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडून नवी येते, शेजारची साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड जुळतं. हा फार तर पावणेतीन वर्षांचा.”

“मग बसायचं कधी?” भाऊंनी विचारलं. त्यावर डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून, खरं सांगतो, मला तुझीच लाज वाटली.

तुझ्या हाडांच्या टोकांशी म्हणे कूर्चेचा एक थर असतो. हाड वाढतं ते तिथेच, आणि वाढ संपली की तो थर हाडात विरून जातो. हे काम खालून वर चालतं. खुरालगतची हाडं पहिल्या वर्षातच पक्की होतात, नळीचं हाड साधारण दीड वर्षात, गुडघ्याच्या वरचं अडीचच्या आसपास. खांदा आणि मांडी तीन ते चार वर्षं घेतात. आणि पाठीचे मणके? सगळ्यांत शेवटी. साडेपाच वर्षं, आणि उंचापुरा नर असेल तर सहासुद्धा. उंची मात्र तू दुसऱ्या वर्षीच जवळजवळ सगळी उरकून घेतलीस, म्हणून तर लोक फसले. म्हणजे जिथे माणसाने बसायचं, नेमका तोच भाग तू शेवटी ठेवलास! आमच्या ग्रामपंचायतीची नवी इमारत बघ. जिना व्हायचा होता तरी उद्घाटन झालं की नाही? अडलं का कुणाचं?

भाऊंचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेव. भाऊ सत्तेचाळीस वर्षांचे आहेत आणि अजून युवा नेते आहेत. फ्लेक्सवर तसं लिहिलंय. पण त्यांची गोष्ट निराळी. पक्षात त्यांची वाढ व्हायला वेळ लागतोय, तो वरिष्ठांमुळे. तुला कोणाचा अडथळा आहे?

डॉक्टरांनी मग परदेशाचे दाखले काढले. आइसलंडमध्ये शिंगरं वर्षानुवर्षं मोकळ्या रानात कळपाने वाढू देतात आणि चार वर्षांची झाल्याखेरीज सहसा पाठीवर बसत नाहीत म्हणे. थंडीच इतकी, माणसांना घराबाहेर पडायचा कंटाळा येत असेल. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे ते जगप्रसिद्ध पांढरे लिपिझानर घोडेही लहानपणीचे उन्हाळे डोंगरातल्या कुरणांवर काढतात, आणि शिक्षण सुरू होतं ते चौथ्या वर्षाच्या आसपास. ऑलिंपिकमध्ये तर घोडा किमान आठ वर्षांचा लागतो. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या १३ वर्षांच्या मुलीने स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक नेलं, तिला कुणी अडवलं नाही. कागदपत्रं मागतात ती घोड्याकडे!

आमच्या टोळक्यातला एकजण रेसचा शौकीन. तो म्हणाला, “महालक्ष्मीवर दोन-दोन वर्षांचे घोडे पळतात, डॉक्टर. त्यांना हाडं नसतात काय?” प्रश्न बिनतोड होता. मला वाटलं, आता डॉक्टर गप्प होणार. पण ते म्हणाले, प्रश्न बरोबर आहे, आणि या बाबतीत जाणकारांतही एकमत नाही. कोवळ्या वयात घोड्याला नुसतं बांधून ठेवणं हेही वाईटच. पळाल्याने, उड्या मारल्याने हाडावर जो बेताचा ताण येतो त्यानेच हाड दाट होतं. लहान वयात शिस्तीने सराव मिळालेले रेसचे घोडे पुढे कमी टिकतात असं सरसकट म्हणता येत नाही. “पण तिथला जॉकी पन्नास-पंचावन्न किलोचा असतो, पाठीवर तोल सांभाळत उचललेला असतो, आणि शर्यत काही मिनिटांत संपते. भाऊ डीजेपुढे चार तास बसणार.”

मग ‘पाठीवर’ या विषयावरून बोलणं वजनावर आलं. त्यांचा साधा हिशोब असा की जीन धरून एकूण ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, तेही पूर्ण वाढलेल्या घोड्याला. तू तीनशेच्या आतबाहेर. भाऊ चौऱ्याण्णव, आणि त्या दिवशी फेटा, हार, तलवार धरून किती ते मोजायला आमच्याकडे फक्त बाजार समितीचा काटा आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोची मर्यादा घातली आहे. त्यावर भाऊंनी तिथल्या तिथे निकाल दिला, की बादल तट्टू नाही, जातिवंत घोडा आहे. तेव्हा तुझं अभिनंदन. जातिवंत असण्याचे असे फायदे असतात.

डॉक्टरांचं म्हणणं एवढंच, की आत्ता त्याला मोकळं रान द्या, रोज पाय उचलून खूर साफ करा म्हणजे नालबंदाला त्रास देणार नाही, रिकामं जीन पाठीवर ठेवून तंग आवळायची सवय लावा, आणि लगाम धरून शेजारी चालत गावभर फिरवा. गाड्या, फटाके, माणसं सगळं बघू दे. चौथं सरलं की हलक्या माणसाने आठवड्यातून दोन-तीनदा थोडा वेळ बसावं. हे ऐकून सगळे स्तब्ध झाले. शेजारी चालत? म्हणजे घोडा विकत घेऊन भाऊंनी पायी चालायचं?

आणि बादल, तू ऐकलं नाहीस तर काय होतं तेही सांगून ठेवतो. पाठ दुखायला लागली की घोडा जीन बघून अंग चोरतो. मग कान मागे टाकतो. मग एक दिवस मागचे पाय झाडतो, आणि मालक धुळीत बसतो. पाठ कुणी चाचपत नाही. ‘नाठाळ’ असं नाव पडतं, तोंडात काटेरी लगाम येतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पुढच्या यात्रेचा ट्रक. तिथे नवा व्यापारी, नवं गिऱ्हाईक. तुझं वय तेव्हाही चारच सांगतील. या धंद्यात घोडा चार वर्षांचा लवकर होतो आणि बराच काळ चारच राहतो.

तेव्हा मनाची तयारी कर. मणके काय, चार दिवसांत आवळून घे. वाढदिवसाची तारीख पुढे ढकलता येणार नाही, प्रमुख पाहुण्यांची वेळ घेतलेली आहे.

तुझा हितचिंतक,
भाऊंच्या गोतावळ्यातला एक

ता. क. डॉक्टरांनी शेवटी सुचवलं होतं, घोडा राहू दे, भाऊंनी नव्या गाडीच्या टपावर बसून मिरवणूक काढावी. भाऊंनी लगेच नकार दिला. गाडी अगदीच नवी आहे, पहिले हजार किलोमीटर तिच्यावर जोर टाकायचा नाही असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, आणि भाऊ त्या बाबतीत फार काटेकोर आहेत.