गृहविमा-नूतनीकरण व्रत: शास्त्रोक्त विधी

कोणी करावं

हे व्रत टेक्सासातल्या, विशेषतः डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को-प्लेनो पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरमालकांनी दरवर्षी करायचं आहे. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियाच्या मंडळींनीही करावं. तिथे कोपणारी दैवतं वेगळी, एकीकडे चक्रीवादळ आणि दुसरीकडे वणवा, पण दक्षिणा तशीच वाढती. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हे व्रत सांगितलेलं नाही. त्यांच्या घरमालकानं केलेल्या व्रताचं फळ त्यांना भाडेवाढीच्या रूपानं आपोआप मिळतं.

काळ आणि साहित्य

पॉलिसी संपायला महिना-दीड महिना उरला की कंपनीकडून नूतनीकरणाचं जाड पाकीट येतं. ते न उघडता फ्रिजवर ठेवून देण्याची पद्धत बऱ्याच घरांत रूढ असली तरी ती अशास्त्रीय आहे. मॉर्गेज असेल तर विम्याचे पैसे एस्क्रो खात्यातून बँक परस्पर भरते. म्हणजे पाकीट उघडलं नाही तरी व्रत पार पडतं, दक्षिणाही पोचते, यजमानाला तेवढं कळत नाही.

साहित्य: गेल्या वर्षीचं आणि या वर्षीचं डिक्लरेशन पेज, कॅल्क्युलेटर, हायलायटर, छप्पर शेवटचं कधी बदललं त्याची पावती, वाचायचा चष्मा आणि घरातली एक शांत व्यक्ती. शांत व्यक्ती न मिळाल्यास दुसरा हायलायटर चालेल.

संकल्प

हातात पाण्याऐवजी चहा घेऊन म्हणावं: ‘तीस वर्षांचं फिक्स्ड मॉर्गेज घेतलं म्हणजे हप्ता ठरला, या भ्रमाचा मी आजपासून त्याग करत आहे.’ फिक्स्ड असतो तो मुद्दल आणि व्याजाचा भाग. त्याच्या जोडीला मालमत्ता कर आणि विमा असतो, आणि त्या दोघांनी कसलाच शब्द दिलेला नसतो. बँक वर्षातून एकदा एस्क्रोचा हिशोब करते. सरलेल्या वर्षाची तूट पुढच्या बारा हप्त्यांत वाटून टाकते आणि येणाऱ्या वर्षाचा वाढीव प्रीमियमही त्याच हप्त्यात धरते. म्हणून हप्ता प्रीमियमपेक्षाही जोरात वाढलेला दिसतो. बँकेला फोन करून ‘तुमच्या हिशोबात चूक आहे’ असं सांगण्याची प्रथा आहे. फोन जरूर करावा, मन हलकं होतं. चूक सहसा नसते. मात्र तूट एकरकमी भरून टाकली तर हप्त्यातली वाढ थोडी आटोक्यात येते, तेवढं विचारून घ्यावं.

शोकविधी

नवा प्रीमियम पाहिल्यावर शोक करण्यासाठी अर्धा तास नेमून दिलेला आहे. या वेळात नवऱ्यानं ‘आपण तर एकही क्लेम केला नाही’ असं म्हणावं आणि बायकोनं ‘जोशींना किती आलाय ते विचार ना’ असं म्हणावं. पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल सुरू असल्यास त्या ‘घराला कसला गं विमा? आमच्या घराला चाळीस वर्षांत काही झालं नाही’ असं म्हणतील. त्यांना लाकडी सांगाडा आणि त्यावरची डांबरी शिंगलं या विषयात ओढू नये. घर लाकडाचं आहे हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नसतं.

क्लेम न करणाऱ्याचाही प्रीमियम का वाढतो, याचं शास्त्र असं: कंपनी तुमच्या सद्वर्तनाइतकाच तुमचा झिप कोडही बघते, आणि गारा झिप कोडवर पडतात. टेक्सासात २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळ आलं, फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत घरोघरचे पाइप फुटले, आणि गारपीट तर नेमानं होतेच. दरम्यान लाकूड, शिंगलं, मजुरी, सगळं महागलं. शिवाय विमा कंपन्याही स्वतःचा विमा काढतात. तो पुनर्विमा विकणारी बडी मंडळी म्युनिक आणि झुरिकमध्ये बसतात. त्यांनी दर चढवले की प्लेनोतल्या पाकिटाची जाडी वाढते.

कॅलिफोर्नियात १९८८ च्या जनमतानं दरवाढीला सरकारी पूर्वमंजुरी लागते. तिथे कंपन्या धीर सुटला की नवी घरं विम्याला घेणंच थांबवतात. स्टेट फार्मनं मे २०२३ मध्ये तेच केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कडेच्या वस्त्या जळाल्या. टेक्सासात दर दाखल करून लगेच वापरता येतात, म्हणून कंपन्या सहसा टिकून राहतात आणि दर चढवतात. रडायचं कोणत्या राज्यात, एवढं स्वातंत्र्य यजमानाला आहे.

मुख्य विधी: डिडक्टिबल-दर्शन

बहुतेक व्रतस्थ शोकविधीनंतर दमून उठतात. इथेच व्रत भंगतं. प्रीमियम हा मोठ्या अक्षरातला आकडा, तो दिसण्यासाठीच छापलेला असतो. खरा फेरफार खाली बारीक अक्षरात होतो. एके काळी तिथे ‘१,००० डॉलर’ असं सरळ लिहिलेलं असे. आता आगीचं डिडक्टिबल वेगळं, आणि वारा व गारांसमोर नुसतं ‘२%’. दोन टक्के हा आकडा दिसायला फार सालस आहे.

हायलायटर उचलावा आणि स्वतःला विचारावं, कशाचे दोन टक्के? नुकसानीचे नव्हेत. घर नव्यानं बांधायला जी रक्कम पॉलिसीत धरली आहे, तिचे. ती ६,००,००० डॉलर असेल तर गारा पडल्यावर पहिले १२,००० डॉलर तुमचे. बरेचदा ही बांधकाम-रक्कम महागाईच्या नावानं दरवर्षी आपोआप वाढते. म्हणजे टक्का तोच राहिला, एजंट तोच राहिला, तुम्ही काहीच केलं नाही, तरी डिडक्टिबल वाढलं. प्रीमियम वाढल्याचं पत्र येतं. याचं येत नाही.

‘मी तुमचा प्रीमियम कमी करून दिला’ असं एजंट आनंदानं म्हणाला तर त्याचं अभिनंदन करण्याआधी एकाचे दोन टक्के झाले का, ते पाहावं. गुणाकार करून आलेला डॉलरांतला आकडा कागदावर लिहावा आणि तो फ्रिजवर लावावा. पाकिटाची जागा नाही तरी रिकामी झालेलीच आहे.

छप्पर-पुराण

छपराच्या भरपाईचे दोन मार्ग आहेत. एकात नव्या छपराची पूर्ण किंमत मिळते. दुसऱ्यात घसारा वजा करून, जुन्या छपराची आज जी किंमत असेल तेवढीच. जुन्या छपरांना नूतनीकरणात गुपचूप दुसऱ्या मार्गावर नेण्याची चाल आता सर्रास आहे. पारायणासाठी एक उदाहरण सोडवावं. नवं छप्पर २४,००० डॉलरचं. छप्पर बारा वर्षांचं, आयुष्य वीस वर्षांचं धरलं, म्हणजे घसारा ६० टक्के. उरले ९,६००. त्यातून १२,००० चं डिडक्टिबल वजा करावं. उत्तर शून्याच्या खाली येतं. कंपनी तो फरक तुमच्याकडून मागत नाही, हे तिचं औदार्य मानून नमस्कार करावा.

गारांना दाद न देणारी ‘क्लास ४’ शिंगलं घातली तर सवलत मिळते. ती घेताना, गारांनी छप्पर नुसतं विद्रूप झालं आणि गळलं नाही, तर काही मिळणार नाही, असं कलम त्यासोबत आलंय का ते बघावं. अनेकदा आलेलं असतं.

अतिथी

गारा थांबल्यावर तासाभरात दारावर टोपीवाला हसतमुख तरुण उभा राहतो. हातात शिडी, तोंडात ‘डिडक्टिबलची काळजी करू नका, ते आम्ही बघून घेऊ’. अतिथीला पाणी द्यावं, सही देऊ नये. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात रूफरनं डिडक्टिबल माफ करणं किंवा स्वतः गिळणं हा गुन्हा आहे, आणि ते तुम्ही भरल्याचा पुरावा कंपनी मागू शकते. बारा हजार वाचवण्याचा हा मार्ग प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सुचवतंच. त्याला अंगठा दाखवून पुढे जावं.

प्रदक्षिणा

दर दोन-तीन वर्षांनी बाहेरून कोट मागवावेत. मंडळाच्या गणपतीत ज्यांचा बॅनर असतो ते एजंट आपलेच असतात, आणि मोदक वाढल्यावर ‘एकदा कोट तरी घ्या’ म्हणतात. घ्यावा. पण ते एकाच कंपनीचे एजंट आहेत की अनेक कंपन्यांचे दर आणून देणारे, हे पहिल्या मोदकालाच विचारावं. कोटांची तुलना करताना सर्वांत एकच बांधकाम-रक्कम, एकच डिडक्टिबल आणि छपराच्या भरपाईची एकच पद्धत धरावी. नाहीतर स्वस्त वाटलेली पॉलिसी नुसती पातळ निघते. कार आणि घर एकत्र दिल्यास सवलत मिळते. एकाच कंपनीशी वर्षानुवर्षं निष्ठा ठेवल्यास कार्ड मिळतं.

निषिद्ध

१. डिडक्टिबलपेक्षा थोड्याशाच मोठ्या नुकसानीचा क्लेम करणं. क्लेमचा इतिहास सात वर्षांपर्यंत विमा कंपन्यांच्या सामायिक नोंदीत राहतो. पाचशे डॉलर मिळवून सात वर्षं खुलासे देणं, याला संसार म्हणत नाहीत.

२. पुराचं पाणी घरविम्यात येतं असं समजणं. येत नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. सरकारी पूरविमा १९६८ पासून आहे, घरासाठी त्याची मर्यादा २,५०,००० डॉलर आणि तो सुरू व्हायला सहसा ३० दिवस लागतात. चॅनेलवर वादळाचं नाव दिसल्यावर फॉर्म भरणाऱ्यांची सहनशीलता वाखाणण्यासारखी असते.

३. पाटल्या, तोडे आणि सासूबाईंचा तन्मणी ‘घरातल्या सामानात’ आहेत असं धरून चालणं. चोरीला गेलेल्या दागिन्यांची मर्यादा अनेक पॉलिसींत सगळे मिळून जेमतेम १,५०० डॉलर असते. त्यात हल्ली एक कानातलं येतं. दागिन्यांची स्वतंत्र नोंद आणि मूल्यांकन करून घ्यावं, किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून ते कधीच घालू नयेत. दुसरी परंपरा आपल्याला ओळखीची आहे.

४. मॉर्गेज फिटल्यावर ‘आता सक्ती नाही’ म्हणून विमा बंद करणं. सक्ती नसते हे खरं. गारांनाही ते सांगून बघावं.

फलश्रुती

जो यजमान हे व्रत नीट करतो, त्याचा प्रीमियम कमी होईलच असं नाही. मात्र बारा हजाराचं डिडक्टिबल आपल्याच खिशातून जायचंय हे त्याला गारा पडण्याआधी कळतं, आणि तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात साठवायला तो सुरुवात करतो. म्हणजे लहान नुकसानीपुरता तो स्वतःच स्वतःची विमा कंपनी होतो. या कंपनीकडे कार्यालय नाही, जाहिराती नाहीत, आणि क्लेम नामंजूर करणारी व्यक्ती त्याच घरात राहते.

उद्यापन

घर विकल्याशिवाय या व्रताचं उद्यापन होत नाही. विकायला काढाल तेव्हा जाहिरातीत ग्रॅनाइटच्या ओट्याआधी छप्पर कोणत्या वर्षी बदललं ते लिहा. घर बघायला येणारा मराठी असेल, तर तो ओटा नंतरच बघणार आहे.