मुहूर्त पाहून फुंकर

उज्जैनमध्ये धुळीला नावं ठेवणं धाडसाचं काम. इथे महाकालाची भस्मारती पहाटे चारला होते. देवच भस्म लावून दिवस सुरू करतो, तर कॉम्प्युटरवर चिमूटभर राख पडली म्हणून बिघडलं कुठे, असा आमच्या आत्याचा सवाल. शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभारलं. आत्याच्या माळ्यावरची धूळ बहुधा तेव्हापासूनची असावी.

कॉम्प्युटर देवघराशेजारी, कारण प्लग तिथेच. त्याचा पंखा समोरून हवा ओढतो, त्यामुळे नैवेद्य सोडून बाकी सगळे उपचार आपोआप त्याच्या पोटात जातात: उदबत्तीची राख, कापसाचे तंतू, दसऱ्याच्या अक्षता. वैशाख आला की तो घुरघुरायला लागतो आणि भर कामात मान टाकतो. आत्या मीठ-मोहऱ्या शोधते. खरं कारण एवढंच, की हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ अडकली की प्रोसेसरची उष्णता बाहेर पडत नाही. तो आधी चाल मंद करतो, मग जीव वाचवायला बंदच होतो.

सफाई आतोबांकडे. त्यांचं सोवळं आत्याहून कडक. आधी प्लग काढायचा, मग बटण थोडा वेळ दाबून धरायचं, म्हणजे आत रेंगाळलेली वीज उतरते. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज साठते. आपल्याला जाणवतही नाही आणि तेवढ्यानं रॅम दगावू शकते. शेजारचा मुलगा प्रेमानं व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आला, तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. त्याच्या प्लास्टिकच्या नळीतूनही तीच वीज तयार होते. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. मऊ ब्रश आणि लांबून, थांबत थांबत ब्लोअर. तेही पंख्याचं पातं बोटानं धरून.

"फिरू द्या की बिचाऱ्याला," आत्या म्हणते.

"बेअरिंग जाईल!" आतोबा ओरडतात. वाऱ्यानं मोकाट सुटलेला पंखा नेमून दिलेल्या वेगाच्या पलीकडे जातो, हे त्यांना तिला दरवर्षी सांगावं लागतं.

एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, मात्र उघडायचा नाही. प्लग काढला तरी त्याच्या कपॅसिटरात वीज दबा धरून असते. तो गाभारा, दर्शन बाहेरूनच.

यातली एकच गोष्ट आत्याच्या हाती आहे: मुहूर्त. जुने ज्योतिषी ज्या गावातून मध्यरेखा धरत, तिथे राहुकाळात स्क्रूड्रायव्हर उचलू देणार कोण? यंदा तिनं सकाळची वेळ काढून दिली. घरात धूळ नको म्हणून आतोबा कॅबिनेट घेऊन गॅलरीत गेले. पंचांगात सगळं होतं, फक्त खालच्या अंगणात काकूंनी उडदाचे पापड वाळत घातलेत, हे नव्हतं.

संध्याकाळी काकू एक पापड उजेडात धरून वर आल्या. "ताई, हे काळं काळं काय हो?"

आत्यानं पापड हातात घेतला, नीट निरखला आणि शांतपणे म्हणाली, "मिरी जरा जाडसर कुटली गेली वाटतं तुमच्याकडून."