वळीवग्रस्त

मे संपत आला की जुन्नर-आंबेगावात सगळ्यांच्या माना वर. आहुप्याचा माणूस भाताच्या रोपांसाठी आभाळ बघतो, नारायणगावचा टोमॅटोसाठी, मंचरचा बराखीतल्या कांद्याच्या काळजीनं. साखर कारखान्याचे ईटीपीवाले, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणवाले, भाऊसाहेब मात्र नुसत्या धास्तीनं बघतात. कारखाना कोणता ते विचारू नका. असे भाऊसाहेब प्रत्येक कारखान्यात एक असतातच.

वळवाची पहिली सर आली की लोक मातीचा वास घेतात. भाऊसाहेबांना फक्त मळीचा येतो. हंगामभर यार्डात सांडलेला बगॅसचा भुसा, बॉयलरची राख, ट्रॅक्टरांनी गाळलेलं ऑइल, टँकर भरताना ओघळलेली मळी. सगळं पहिल्या वीसेक मिनिटांत धुऊन ओढ्याकडे निघतं. ओढा घोडनदीला, नदी भीमेला. गोड पाण्यावर जिवाणू तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे उलटे तरंगतात. म्हणून छपराच्या पाण्याचं गटार वेगळं, यार्डाचं वेगळं. यार्डाचं पाणी जाळीतून टाकीत जातं. राख तळाला बसते, तेल वर राहतं, मधलं पाणी थोडंथोडं ईटीपीला. मागून निवळ पाणी यायला लागलं, की मगच ओढ्याकडची झडप उघडायची. तिची किल्ली भाऊसाहेबांच्या करदोट्याला.

बरं, पावसाळ्यात गाळप बंद, म्हणजे ईटीपीतल्या जिवाणूंची उपासमार. भाऊसाहेब त्यांना शेणकाला घालतात, वर चिमूटभर युरिया. घरच्या म्हशीच्या पेंडीची आठवण वहिनींना करून द्यावी लागते. जिवाणूंची जेवणं त्यांची कधी चुकत नाहीत.

लग्नात ढग गडगडले, की हे मठ्ठा यायच्या आत पंगतीतून उठलेच, मग नवरदेवाचे सख्खे मामा का असेनात. थोरल्यानं पहिल्या पावसावर कविता केली, तर म्हणाले, "वीस मिनिटं थांबून लिहायची होतीस. आधीचं सगळं गढूळच असतं."

संचालकांशी खटका ठरलेला.

"भाऊसाहेब, पावसाच्या पाण्याला कसलं आलंय शुद्धीकरण? आभाळातनं शुद्धच येतं की!"

"येतं ना अण्णा. पोरगंही गावातनं शुद्धच जातं. चाकणला पोचल्यावर काय होतं?"

अण्णांचा धाकटा चाकणलाच असल्यानं विषय तिथंच मिटतो.

श्रावणात प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब नमुना घेऊन गेले. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची बीओडी, म्हणजे घाण पचवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत लागते. तोवर पावसानं यार्ड खरवडून काढलेलं, पहिलं पाणी भाऊसाहेबांनी कधीच जिरवलेलं. अहवाल उत्तम आला.

"बघा," अण्णा सभेत म्हणाले, "पाऊसच सगळं साफ करतो." टाकी वाढवायचा प्रस्ताव तिथंच बारगळला. इतिवृत्तात कारण नोंदलंय: गरज दिसत नाही. भाऊसाहेबांनी हरकत घेतली नाही. हस्ताचा गडगडाट ऐकून ते विषय क्रमांक दोनलाच उठून गेले होते.